बेगमसाहेबांचा चौक



दिल्लीच्या लाल मंदिराचे दर्शन आपल्यापैकी पुष्कळ जणींनी घेतले असेल. हस्तिनापूरच्या यात्रेला निघालो की वाटेत दिल्ली लागते, आणि दिल्लीत उतरलो की पार्श्वप्रभूंच्या दर्शनाशिवाय पाय पुढे निघत नाही. दर्शन झाले की पक्ष्यांचे रुग्णालय पाहायचे, आणि मग समोरच्या चांदनी चौकात शिरायचे. लेहंगे, गोटा-किनारी, चांदीची भांडी, दरीब्यातली जिलेबी. (जिलेबी सूर्यास्ताच्या आत, हे सांगायला नकोच!)

पण ज्या रस्त्यावर आपण एवढी खरेदी करतो, तो कोणी बांधला हे विचारले तर बहुतेक जणी शहाजहानचे नाव घेतील. तो रस्ता मांडला त्याच्या लेकीने. तिचे नाव जहाँआरा. आज तिच्याबद्दल लिहायचे आहे, आणि पावणेचारशे वर्षांत त्या रस्त्याचे काय काय झाले तेही. २०२१ मध्ये तो रस्ता पुन्हा नव्याने बांधून लोकांसाठी खुला झाला. आपल्याकडेही आता गावोगावी मंदिरासमोरचे, पेठेतले जुने रस्ते 'सुशोभित' करण्याच्या योजना येत आहेत. म्हणून ही गोष्ट आपल्याही कामाची आहे.

चौक म्हणजे काय?

चौक हा शब्द आपल्या घरातलाच आहे. जुन्या वाड्यात चौक असायचा. चारही बाजूंना सोपे आणि मधे आभाळाला उघडी जागा. तिथे वाळवणे पडत, मुले खेळत, पापड लाटले जात, लग्नाचा मांडवही तिथेच पडे. चौकाची मालकी कुणा एकीची नसे. थोरल्या जाऊबाईंची खोली वेगळी, धाकटीची वेगळी, पण चौक सगळ्यांचा. मुनिमहाराजांच्या आहारासाठी आपण 'चौका' लावतो, तोही त्याच घराण्यातला शब्द. झाडून-पुसून, शुद्ध करून, अतिथीसाठी राखलेली जागा.

गावाच्या चौकाचेही तसेच आहे. रस्ता हा जाण्यासाठी असतो, चौक थांबण्यासाठी. जिथे माणसाला काही विकत न घेता, कुणी हटकल्याशिवाय थांबता येते, तो चौक. एवढी व्याख्या मनात ठेवून पुढचे वाचा.

बेगमसाहेबांचा जमाखर्च

जहाँआराचा जन्म १६१४ चा. शहाजहान आणि मुमताजमहल यांची ही थोरली लेक. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला बाळंतपणात मुमताज वारली, तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती. आईमागे घर सांभाळण्याची जबाबदारी थोरल्या लेकीवर येते, हे आपल्याकडे नवे नाही. तिच्यावर मात्र सगळ्या राजघराण्याची जबाबदारी आली. आईच्या संपत्तीचा निम्मा भाग बादशहाने तिच्या नावे केला, उरलेला निम्मा बाकीच्या मुलांत वाटला. लोक तिला बेगमसाहेब म्हणू लागले.

तिचे उत्पन्न स्वतंत्र होते. सुरत बंदराचा महसूल तिच्याकडे होता. पुढे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला ते हेच श्रीमंत सुरत. मनुची नावाच्या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवले आहे की सुरतचे उत्पन्न तिला पानविड्याच्या खर्चासाठी दिलेले होते. आपल्याला यजमान भाजीसाठी देतात तसे! तिचे स्वतःचे जहाज होते, त्याचे नाव साहिबी. ते समुद्रपार व्यापार करी. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे मला हा भाग फार आवडतो. पडद्याआड राहून या बाईने जकात, नूर, नफा-तोटा सगळे समजून घेतले होते.

१६३९ मध्ये शहाजहानने यमुनेकाठी नवी राजधानी वसवायला घेतली आणि १६४८ मध्ये लाल किल्ला पुरा झाला. नव्या शहराला बाजारपेठ हवी होती. किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यापासून पश्चिमेला फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ रस्ता निघाला. त्याच्या मधोमध १६५० मध्ये जहाँआराने आपला चौक बांधवला. रस्ता सुमारे १,५२० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद होता, असे माप सांगतात. मधून पाण्याचा कालवा वाहायचा, दोन्ही बाजूंना सावलीची झाडे आणि त्यामागे दुकानांच्या रांगा. मध्यावर अष्टकोनी चौक आणि त्यात मोठा हौद. रात्री हौदात चंद्र उतरायचा म्हणून नाव पडले चांदनी चौक. आधी हे नाव तेवढ्या अष्टकोनाचे होते. रस्त्याच्या बाकीच्या तुकड्यांना वेगवेगळी नावे होती. पुढे चौकाचे नाव सगळ्या रस्त्याला लागले.

तिने नुसती दुकाने बांधली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. चौकाच्या उत्तरेला प्रवासी व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई बांधली, त्यामागे बाग केली आणि दक्षिणेला हमामखाना. दूरदेशीचा व्यापारी दमून येतो, त्याला निजायला खोली हवी, अंघोळीला पाणी हवे, बसायला सावली हवी, मग तो खरेदी-विक्री करील. पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग चहा, मग विषय. घर चालवणाऱ्या बाईची ही समज आहे. बर्निये हा फ्रेंच प्रवासी ती सराई पाहून इतका खूश झाला की असे काही पॅरिसलाही असावे असे त्याने लिहिले.

तिच्या शेजारी आणखी बायका बांधत होत्या. रस्त्याच्या टोकाची फतेहपुरी मशीद शहाजहानच्या एका बेगमेने बांधवली, ती तिच्याच नावाने ओळखली जाते. अकबराबादी बेगमेनेही शहरात मशीद बांधली होती, ती १८५७ नंतर इंग्रजांनी पाडली. नव्या दिल्लीची अर्धी मांडणी बायकांच्या पैशातून झाली म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

आपली माणसे कुठे होती?

नव्या पेठेला सावकार, जवाहिरे आणि कापडवाले हवे होते. शहाजहानच्या काळात अग्रवाल जैन व्यापारी इथे येऊन वसले, आणि दरीब्याच्या बाजूला त्यांना जागा मिळाली. लष्कराच्या छावणीत एका जैनाच्या तंबूत प्रतिमा होती, तिच्या दर्शनाला लोक येऊ लागले आणि त्यातून मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. १६५६ हे साल सांगतात. म्हणून लाल मंदिराचे जुने नाव उर्दू मंदिर किंवा लष्करी मंदिर. उर्दू म्हणजे छावणी. तेव्हा त्याला शिखर नव्हते. आज दिसतात ती उंच लाल शिखरे नंतरच्या काळातली. किनारी बाजारात नौघरा नावाची गल्ली आहे. जवाहिऱ्यांची रंगीत दारांची नऊ घरे आणि टोकाला श्वेतांबर मंदिर. कधी गेलात तर चुकवू नका.

लाल मंदिराला लागून गौरीशंकर मंदिर आहे. ते अठराव्या शतकात आप्पा गंगाधर या मराठा सरदाराने बांधले. म्हणजे आपल्या मुलखातली माणसेही या रस्त्यावर काहीतरी ठेवून गेली. पुढे शीशगंज गुरुद्वारा. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला ती ही जागा. त्याशेजारी सोनेरी मशीद, जिथे बसून १७३९ मध्ये नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिला. शिवाय एक जुने ख्रिस्ती देऊळ. सव्वा किलोमीटरच्या रस्त्यावर एवढे धर्म आणि एवढे रक्त. आपल्याला समवसरणाचे वर्णन पाठ असते. बारा सभा, त्यात देव, माणसे आणि पशुपक्षीही, आणि कुणाला कुणाचे भय नाही. या रस्त्याला समवसरण म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण सगळ्यांनी एकमेकांशेजारी राहायला शिकण्याची जागा मात्र ती आहे, आणि किंमत देऊन शिकलेली आहे.

चौक गेला, रस्ता उरला

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी दिल्लीवर राग काढला. जहाँआराची सराई पाडली गेली. त्या जागी टाउन हॉल उभा राहिला. बागेचे नाव बदलले. हौदाच्या जागी १८७० च्या सुमारास घड्याळाचा मनोरा, म्हणजे घंटाघर आले. पुढे कालवाही बुजला. १९०८ मध्ये ट्राम सुरू झाली. पाणी गेले, सावली गेली, आणि थांबण्याची जागा जाऊन नुसती जाण्याची जागा उरली.

तरी लोकांनी चौक सोडला नाही. डिसेंबर १९१२ मध्ये लॉर्ड हार्डिंग हत्तीवरून मिरवत निघाला तेव्हा त्याच्यावर बॉम्ब पडला तो इथेच. मार्च १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळात स्वामी श्रद्धानंद इथेच शिपायांच्या संगिनींसमोर छाती उघडी करून उभे राहिले. टाउन हॉलसमोर आधी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, आता तिथे स्वामीजींचा आहे. घंटाघर १९५१ मध्ये कोसळले, त्यात माणसेही दगावली. ते पुन्हा बांधले नाही, पण लोक त्या जागेला अजून घंटाघरच म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर फाळणीची माणसे आली, दुकाने वाढली, घरांची गोदामे झाली. ट्राम गेली आणि मोटारी, स्कूटर, हातगाड्या, टेम्पो आले. वर विजेच्या तारांचे जाळे. आम्ही महिला मंडळाच्या यात्रेत पहिल्यांदा गेलो तेव्हा लाल मंदिरातून रस्ता ओलांडायला पंधरा बायकांनी एकमेकींचे पदर धरले होते. एकमेकींना हाका मारण्यातच सगळा वेळ गेला, रस्ता कसा आहे ते कुणी पाहिलेच नाही.

पुन्हा चौक करायचा म्हणजे

२००५ मध्ये मेट्रोचे स्टेशन आले आणि मोटार नसतानाही इथे पोहोचण्याची सोय झाली. त्याशिवाय पुढचे काही शक्य नव्हते. मोटारी बंद करायच्या तर आधी यायची दुसरी वाट द्यावी लागते. २००८ मध्ये जुन्या दिल्लीच्या कामासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले. मध्यंतरी सायकलरिक्षा हटवाव्यात असा विचार जोरात होता. गर्दीचे खापर रिक्षावाल्यांवर फुटत होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये न्यायालयाने रिक्षांच्या संख्येवरची मर्यादा रद्द केली. रस्ता फक्त मोटारवाल्यांचा नाही, हे त्यातून ठरले.

रस्त्याचा आराखडा वास्तुकार प्रदीप सचदेव यांचा. दिल्ली हाटही त्यांचेच. डिसेंबर २०१८ मध्ये काम सुरू झाले. मधे कोरोनाने थांबले, २०२० मध्ये सचदेव स्वतःही गेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये रस्ता खुला झाला. लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरीपर्यंत सुमारे १.३ किलोमीटर. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी. मालाची चढ-उतार रात्री. मधे पट्टा, दोन्ही बाजूंना रिक्षांची वाट आणि कडेने रुंद पदपथ. लाल दगडाची बाके. डोक्यावरच्या तारा जमिनीखाली गेल्या.

त्यानंतर मी पुन्हा गेले. आपल्याकडे ईर्यासमिती सांगितली आहे. चार हात जमीन पाहून, जीवजंतू सांभाळून चालावे. साधुसाध्वींचे ते व्रत आणि आपल्यासाठी तो आदर्श. पण मागून भोंगा वाजत असेल तर जमीन कोण पाहणार? या वेळी मी लाल मंदिरापासून टाउन हॉलपर्यंत खाली पाहत चालले आणि वर पाहतही चालले. दुकानांच्या पाट्यांवर जुन्या हवेल्यांचे सज्जे आहेत, नक्षीच्या कमानी आहेत. एक आजीबाई बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना कुणी उठवले नाही. माझ्या व्याख्येत तो चौक बसला.

पण कौतुक करताना दुसरी बाजूही लिहायला हवी. जिथे जहाँआराचा कालवा वाहत होता, त्या मधल्या पट्ट्यात आता विजेची रोहित्रे, स्वच्छतागृहे आणि पोलिसांच्या चौक्या आहेत. तारा खाली घातल्या तर यंत्रे कुठेतरी ठेवावीच लागतात, हे खरे. स्वच्छतागृहाला तर मी पूर्ण मार्क देईन. बायकांची खरेदी किती वेळ चालणार हे त्याच्यावरच ठरते! पण पाणी आले नाही, आणि सावलीही अजून हवी तेवढी नाही. दिल्लीच्या मे महिन्यात दगडाच्या बाकावर दुपारी कोण बसेल?

व्यापाऱ्यांची तक्रार वेगळी. मोटारीतून येणारे लग्नाचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल, ही त्यांना भीती. दिवसा माल आणता येत नाही. फेरीवाल्यांचे दुखणे त्याहून मोठे. रस्ता देखणा झाला आणि वर्षानुवर्षे तिथे बसणाऱ्यांना उठावे लागले. तो वाद न्यायालयापर्यंत गेला. शिवाय बंदी असूनही स्कूटर आणि ई-रिक्षा घुसतात, खांब मोडतात, बाकांवर माल ठेवला जातो.

हिशेब कुणाच्या नावे?

बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की भांडवली खर्च वेगळा आणि महसुली खर्च वेगळा. बंगला बांधणे हा पहिला, रोज केर काढणे हा दुसरा. सरकारी कामात पहिल्याचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, फोटो येतो. दुसऱ्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून त्याला पैसे आणि माणसे कमी पडतात. घरातल्या बाईला हे सांगायला नको. तिचे सगळे आयुष्य महसुली खर्चाच्या खात्यात जाते, आणि ते खाते थांबले तर बंगल्याचे काय होते हेही तिला ठाऊक असते. चौका एकदा लावून भागत नाही, रोज लावावा लागतो. चौकाचेही तेच.

मग ते करणार कोण? दिल्लीतलीच एक आठवण सांगितली जाते. धरमपुऱ्याचे नया मंदिर राजा हरसुखराय यांनी बांधवले, १८०७ मध्ये ते पूर्ण झाले. काम अगदी थोडे उरले असताना त्यांनी ते थांबवले आणि समाजाला म्हणाले, माझे पैसे संपले, आता तुम्ही हातभार लावा. लोक चकित झाले. सगळ्यांनी आनंदाने देऊ केले. हरसुखरायांनी प्रत्येक घराकडून अगदी थोडे थोडे घेतले आणि काम पुरे केले. पैसे संपले नव्हतेच. मंदिर एकट्या हरसुखरायांचे न राहता पंचांचे व्हावे, एवढाच हेतू. ज्याचा चार आण्यांचा वाटा आहे, तो भिंतीवर डाग पडला तर पुसतो.

चांदनी चौकात हा वाटा घेण्याचे काम अपुरे राहिले, असे मला वाटते. दुकानदार, रिक्षावाला, फेरीवाला आणि वरच्या मजल्यावर राहणारी बाई या चौघांनाही 'हा माझा' असे वाटले, तर खांब मोडणार नाहीत. त्यातल्या एकाला जरी 'माझ्या पोटावर पाय देऊन केला' असे वाटले, तर पहारा बसवूनही टिकणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गावी मंदिरासमोरच्या रस्त्याचा आराखडा लागेल तेव्हा तो पाहायला जा. 'हे बघून घेतील' म्हणून घरी थांबू नका. विचारा की सावली कुठे आहे, पिण्याचे पाणी आणि बायकांचे स्वच्छतागृह कुठे आहे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना मंदिराच्या पायरीपर्यंत कसे नेता येईल? कोपऱ्यावर वीस वर्षे बसणाऱ्या फूलवालीला कुठे बसवणार? आणि केर कोण काढणार, त्याचे पैसे कोणत्या खात्यातून? हे प्रश्न बांधकाम खात्याचे वाटतात, पण जहाँआराने १६५० मध्ये नेमके असेच प्रश्न सोडवले होते. सराई, हमाम, बाग, पाणी ही तिची उत्तरे होती.

आपल्या मंदिरात देणगीदारांच्या पाट्या असतात. त्यावर बायकांची नावे बहुधा 'मातोश्रींच्या स्मरणार्थ' अशीच येतात. जहाँआराच्या वाट्याला तर तेही फारसे आले नाही. ती १६८१ मध्ये वारली. दिल्लीत निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात तिची कबर आहे. वर घुमट नाही, आभाळ उघडे. कबरीवर फक्त हिरवळ असावी, ही तिचीच इच्छा होती. जी बाई सुरत बंदराची धनीण होती, तिने शेवटी एवढाच परिग्रह ठेवला.

पुढच्या यात्रेत लाल मंदिराचे दर्शन झाले की खरेदीच्या आधी टाउन हॉलपर्यंत चालत जा. तिथे हौद नाही, चंद्रही उतरत नाही. पण बाकावर क्षणभर बसा आणि बरोबरच्या सुनेला, नातीला सांगा, की हा चौक एका लेकीने बांधला होता.

जय जिनेंद्र.